सोलो आधी रचून नेला तर ती लबाडी ठरते का?

पत्राचा सारांश: सोलापूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 27. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात ते हिशेबाचं काम करतात. कॉलेजपासून गिटार वाजवतात, चौघा मित्रांचा बँड आहे. टॅब (कोणत्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांत लिहिलेलं) आणि व्हिडिओ बघून गाजलेले सोलो, म्हणजे गाण्यात एकट्या गिटारने वाजवायचे भाग, ते जसेच्या तसे वाजवतात. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा शेवटचा सोलो तर डोळे मिटून. पण बॅकिंग ट्रॅक (नुसत्या साथीचं रेकॉर्डिंग) लावून स्वतःचं काही वाजवायचं म्हटलं की बोटं पेंटाटॉनिक या पाच स्वरांच्या स्केलच्या त्याच चौकटीत वर-खाली धावत सुटतात. "सराव चाललाय असं वाटतं, गाणं वाटत नाही," असं ते लिहितात. बँडमधला कीबोर्डवाला मित्र लहानपणापासून वडिलांबरोबर भजनी मंडळात पेटी वाजवत आलेला. त्याला नोटेशन वाचता येत नाही, पण कुठल्याही गाण्यात तो सहज काहीतरी सुंदर भरतो. फेब्रुवारीत कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात बँड स्वतःचं मराठी गाणं सादर करणार आहे. ए मायनर, एफ, सी, जी अशा चार कॉर्डवरचं (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीवरचं) गाणं, आणि दोन कडव्यांच्या मधे सोलोसाठी सोळा बारची मोकळी जागा. बार म्हणजे चार ठोक्यांचा एक भाग. गायिका म्हणते, "तिथं तुला सुचेल ते वाजव." वाचकाचे प्रश्न असे: ही उपजत देणगी असते का, जी मला मिळालेली नाही? सोलापुरात वातावरणच नाही, तर सहा महिने बिनपगारी रजा काढून पुण्याला शिकायला जाऊ का? की सोलो पाठ करून जाऊ आणि आत्ताच सुचल्यासारखा वाजवू? "पण ते लबाडीचं वाटतं."

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण उरलेले दोन त्याच्याच पोटातून निघालेत. तुम्ही असं धरून चालला आहात की खरा गिटारवादक मनात काहीही नसताना ऐन वेळी वाजवतो, आणि आधी ठरवून येणारा त्याची नक्कल करतो. हे गृहीतक तुम्हाला फार छळतंय, आणि ते खरं नाही.

तुम्ही डोळे मिटून वाजवता तो सोलोच घ्या. 1976 साली ईगल्स हा अमेरिकन बँड 'हॉटेल कॅलिफोर्निया' मायामीच्या स्टुडिओत रेकॉर्ड करत होता. त्यांचा गिटारवादक डॉन फेल्डरने त्याचा डेमो बराच आधी मालिबूच्या घरी करून ठेवला होता. स्टुडिओत तो आणि दुसरा गिटारवादक जो वॉल्श शेवटच्या सोलोसाठी नव्याने काही वाजवू लागले, तर बँडचा गायक आणि ड्रमर डॉन हेन्लीने त्यांना थांबवलं. डेमोत होतं तसंच हवं, असा त्याचा आग्रह. कॅसेट तर घरी राहिलेली. मग फेल्डरने घरी फोन लावला, घर सांभाळणाऱ्या बाईंनी कॅसेट लावून फोन टेपरेकॉर्डरपाशी धरला, आणि फोनवर ऐकून त्याला आपलंच वाजवणं पुन्हा शिकावं लागलं. ही हकिगत फेल्डरने स्वतःच मुलाखतींमध्ये सांगितली आहे.

ती लबाडी झाली का? ऐकणाऱ्यांना तसं कधी वाटलं नाही, तुम्हालाही वाटलेलं नाही. सुचणं आधी झालं, निवड नंतर, पाठांतर सगळ्यात शेवटी. आपल्याकडच्या ख्यालगायकाचंही यापेक्षा फार वेगळं नसतं. मैफलीत येणारे कितीतरी तुकडे वर्षानुवर्षांच्या रियाजाने गळ्यावर चढलेले असतात. त्यातला कोणता कधी घ्यायचा, किती लांबवायचा, समेवर कसा आणायचा, हे त्या घडीला ठरतं. म्हणून सोलो आधी रचून नेण्यात काहीही कमीपणा नाही. अट एवढीच की तो दुसऱ्याच्या टॅबमधून न येता तुमच्या कानातून यावा. तुमचं अडलंय ते तिथं.

आता देणगीबद्दल. काहींचा कान उपजत तल्लख असतो, हे मी नाकारत नाही. पण तुमच्या मित्राकडे जरा नीट बघा. भजनात पेटीवाल्याचं काम काय? बुवा ओळ घेतात आणि पेटी ती मागोमाग वाजवते. आज बुवांनी तीच ओळ वेगळ्या वळणाने घेतली, तर पेटीलाही लगेच तसंच वळावं लागतं. समोर कागद नसतो, थांबून पुन्हा बघायची सोय नसते. हे त्याने लहान वयापासून संध्याकाळमागून संध्याकाळ केलंय. त्यामुळे ऐकलेला स्वर त्याच्या बोटापर्यंत लगेच पोचतो. तुमचं शिकणं उलट्या दिशेने झालं. टॅबमधला आकडा डोळ्यांनी वाचला, बोटाने दाबला, आणि कोणता स्वर वाजला ते कानाला सर्वांत शेवटी कळलं. बॅकिंग ट्रॅकपुढे आकडे नसतात, म्हणून बोटं सवयीच्या वाटेला लागतात. मला यात देणगीची वाण दिसत नाही. एका विशिष्ट प्रकारच्या सरावाची दिसते, आणि तो सराव तुम्हाला देऊ शकेल असा माणूस तुमच्याच बँडमध्ये आहे.

आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याच्याकडे बसा. त्याने तीन-चार स्वरांचा छोटा तुकडा वाजवावा. तुम्ही त्याच्या बोटांकडे पाहायचं नाही. आधी तो तुकडा गुणगुणायचा, मग गिटारवर शोधायचा. सुरुवातीला एकेका तुकड्याला खूप वेळ लागेल आणि चिडचिड होईल, कारण कठीण सोलो वाजवणाऱ्या हाताला असं चाचपडायची सवय नसते. तरी टॅबकडे वळू नका. तुकडे पटापट सापडू लागले की खेळ बदला: त्याने जे वाजवलं त्याची पुनरावृत्ती न करता त्याला उत्तर द्या. सवाल-जवाब आपल्याला काही नवे नाहीत. ज्यांना असा मित्र नाही त्यांनी गाण्याचं रेकॉर्डिंग लावून प्रत्येक ओळीनंतर थांबवावं आणि ती ओळ आपल्या वाद्यावर काढावी. व्हायोलिन, बासरी, कीबोर्ड, कोणालाही हे लागू आहे.

त्या चौकटीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात.

ए मायनर पेंटाटॉनिकमध्ये पाच स्वर आहेत: ए, सी, डी, ई, जी. ए ला षड्ज मानलं तर सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. तुमच्या मित्राला हे धानी रागाचे स्वर म्हणून सांगा, तो लगेच गाऊन दाखवेल. पण राग एका स्थिर षड्जावर उभा असतो. तुमच्या गाण्यात पायाखालची कॉर्ड दर बारला बदलते. स्वर तोच राहतो आणि त्याचा अर्थ बदलतो. बॅकिंग ट्रॅक लावा आणि चारही कॉर्डवर फक्त सी धरून ठेवा. ए मायनरवर तो उदास लागेल, कारण तिथं तो कॉर्डचा कोमल गंधार आहे. एफवर तो पंचम होतो, शांत बसतो. सी कॉर्डवर तर त्याचं स्वतःचं घर. आणि जी आली की तोच सी अस्वस्थ होतो, त्याला अर्धा सूर खाली उतरून बी वर जायचं असतं.

तो बी तुमच्या चौकटीत नाहीच! तिसऱ्या तारेवर (सर्वांत बारीक तार पहिली) पाचव्या फ्रेटला, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या पाचव्या पट्टीला, सी आहे, त्याच्या एक फ्रेट मागे, चौथ्यावर, बी. जी कॉर्डवर सी वरून बी वर उतरून पाहा. गाण्याचा रंग एकदम बदललेला ऐकू येईल. तसाच एफ: दुसऱ्या तारेवर सहावी फ्रेट, तुमच्या ओळखीच्या ई च्या शेजारी. एफ कॉर्डवर तो घ्या. पेंटाटॉनिकमध्ये हे दोन स्वर मिळाले की ए नॅचरल मायनर पूर्ण होते, म्हणजे आसावरी थाटाचे सात स्वर. मी नव्या चार स्केल शिका म्हणत नाही. उलट, माझ्या मते तुम्हाला स्केल गरजेपेक्षा जास्त येतात. कोणत्या कॉर्डवर कुठे थांबायचं, एवढंच कमी आहे. गाणारे त्याला न्यास म्हणतात, आणि सोलोचा अर्धा जीव न्यासात असतो. एक आठवडा दुसरं काही करू नका. प्रत्येक कॉर्ड बदलताना, पहिल्या ठोक्यावर, त्या कॉर्डमधला एक स्वर वाजवून थांबा. ए मायनरवर ए, सी किंवा ई. एफवर एफ, ए किंवा सी. सीवर सी, ई किंवा जी. जीवर जी, बी किंवा डी. मधली जागा रिकामी ठेवा. आठवड्याच्या शेवटी चार थांबे कानाला पाठ झाले की त्यांच्यामध्ये काय भरायचं ते आपोआप सुचायला लागतं, हे मी शिकवताना पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आणि गा. आवाज चांगला नसला तरी गा. गिटार बाजूला ठेवून ट्रॅकवर 'ना ना ना' करत सोळा बार गुणगुणा आणि फोनवर रेकॉर्ड करा. लाज वाटत असेल तर दार लावून घ्या, पण हे टाळू नका. गाताना श्वास संपतो, म्हणून माणूस थांबतो. बोटांना श्वास लागत नाही, म्हणून ती थांबत नाहीत. तुम्हाला सराव चालल्यासारखं वाटतं त्याचं मोठं कारण हेच असावं. गुणगुणलेलं रेकॉर्डिंग ऐकलंत की लक्षात येईल, तुम्ही फार कमी स्वर वापरले आहेत, एखादा तुकडा पुन्हा आलाय, मध्ये जागा सुटल्या आहेत. ते गिटारवर जसंच्या तसं उतरवा. तुमचा पहिला खराखुरा सोलो तोच.

लयीसाठी आणखी एक उपाय. मनात एक साधं मराठी वाक्य म्हणा, "अरे, उद्या सकाळी लवकर ये", आणि त्याच वजनाने एकाच स्वरावर वाजवा. मग तीच लय दोन स्वरांवर, तीन स्वरांवर. तुमच्या गाण्याच्या धृपदाची ओळ घेतलीत तर अधिक चांगलं. मराठी गाण्यातला सोलो मराठी बोलण्याच्या लयीत यावा, असं मला मनापासून वाटतं. उचललेल्या इंग्रजी तुकड्यांनी तो गाण्याला चिकटवल्यासारखा वाटतो, आणि ऐकणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी ते जाणवतं.

बेंडकडेही, म्हणजे तार ओढून स्वर चढवण्याकडेही, लक्ष द्या. टॅबवरून शिकलेल्यांचे बेंड बहुधा थोडे खाली राहतात, आणि संथ सोलोत ते उघडं पडतं. दुसऱ्या तारेची पाचवी फ्रेट वाजवा, तो ई. आता तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवरचा डी ओढून त्याच ई पर्यंत न्या, दोन्ही तंतोतंत जुळेपर्यंत. रोज पाच मिनिटं पुरेत.

सोळा बार प्रत्यक्ष कसे बांधायचे? तुमच्या गाण्याची लय मिनिटाला 80 ठोक्यांच्या आसपास असली, तर सोळा बार म्हणजे 48 सेकंद. तेवढ्यात चार कॉर्डचं आवर्तन चार वेळा येतं. ट्रॅक लावून रोज थोडा वेळ वाजवा आणि सगळं रेकॉर्ड करा, पण त्याच दिवशी ऐकू नका. चार-पाच दिवसांनी ऐका. तोवर बोटांनी केलेली मेहनत विसरलेली असते आणि कान निष्पक्ष होतो. आवडलेले तुकडे वहीत उतरवा, कोणत्या बारला आले तेही लिहा. बहुतेक वेळा हाती फार थोडं लागतं. त्यावर निराश होऊ नका, निवडीचं काम असंच असतं.

मग मी असं सुचवेन: पहिलं आवर्तन पक्कं ठरवा. ते गायिकेने नुकत्याच संपवलेल्या ओळीतून उचला, तिची चाल थोडी वळवून. ऐकणाऱ्याला धागा मिळतो आणि तुमचे हात स्थिरावतात. दुसऱ्यात तोच तुकडा थोडा वर न्या. तिसरं आवर्तन मोकळं सोडा, तिथं त्या संध्याकाळी सुचेल ते वाजवा. चौथं पुन्हा पक्कं: सर्वांत उंच स्वर तिथं ठेवा, आणि शेवटच्या बारमध्ये उतरत गायिकेच्या पुढच्या ओळीच्या पहिल्या स्वरापाशी तिला आणून सोडा. पुढचं कडवं तिला गायचंय, तेव्हा तुमचा शेवट तिच्या सोयीचा हवा. सोळापैकी बारा बार रचलेले आणि चार मोकळे, अशाने गायिकेचं म्हणणंही राहतं आणि तुमच्या मनातली बोचही जाते. मोकळे चार बार फसले तरी पुढचे चार तुम्हाला सांभाळून घेतील.

दुसरा पर्याय मला तितकाच आवडतो. जागा मित्राबरोबर वाटून घ्या. चार बार त्याचे, चार तुमचे, पुन्हा चार त्याचे, शेवटचे चार तुमचे. तालमीत तुम्ही तेच करत आला असाल, मग मंचावर का नको? सोलो एकट्यानेच वाजवायचा असतो, असा काही नियम नाही. मात्र हे त्याच्याशी आणि गायिकेशी आधी बोलून ठरवा.

पुण्याबद्दल. पुण्यात शिकून फायदा होणार नाही असं मी म्हणणार नाही. चांगला शिक्षक हाताचा ताण, पिक (तार छेडायची छोटी पट्टी) धरण्याची चूक, बेंडमधला कमी सूर पहिल्या पाच मिनिटांत पकडतो. आपल्यापेक्षा चांगल्या वादकांची सोबत मिळते, तीही मोलाची. पण सहा महिन्यांचा पगार सोडून आत्ता जाल, तर तिथंही तुमच्यापुढे आणखी स्केल आणि आणखी टॅब येण्याचा धोका आहे, कारण तुम्ही स्वतः तेच मागाल. फेब्रुवारीपर्यंत कानाचं काम करा. एखादा शिक्षक महिन्यातून एकदा हवाच असेल तर रविवारी हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, किंवा ऑनलाइन तासाने भागतं. मेळाव्यानंतरही ओढ कायम राहिली, तर जा. तेव्हा नेमकं काय शिकायचंय ते तुम्हाला सांगता येईल.

आणि वातावरण नाही, हे मला पटत नाही. एका पेठेत अभंग, दुसरीत कन्नड वचनं (शरण संतांचं भक्तिकाव्य), तिसरीत तेलुगू भजनं ऐकू येतात असं तुमचं शहर आहे. ज्या सिद्धरामेश्वरांची जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते ते बाराव्या शतकातले स्वतः वचनकार होते, आणि पंढरपूर तुमच्या जिल्ह्यातच आहे. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे सोलापुरात कमी भेटतील, हे मान्य. पण ऐकून वाजवणारे, चालीला चाल जोडणारे, न लिहिता रात्र रात्र गाणारे लोक तुमच्या आसपास आहेत. मित्राच्या भजनी मंडळात एखाद्या एकादशीला जाऊन बसा. गिटार नेऊ नका, पेटी काय करते ते ऐका.

रजा मागण्याच्या आधी स्वतःला एक प्रश्न मात्र विचारा: तुम्हाला पुण्याला सोलो शिकायला जायचंय, की हिशेबाच्या कामातून बाहेर पडायचंय? तुमच्या पत्रात कारखान्याविषयी एकच ओळ आहे आणि ती थकलेली वाटते. दुसरं असेल तर तोही खरा आणि रास्त प्रश्न आहे, पण त्याचा भार या सोळा बारांवर टाकू नका. त्यावर वेगळं पत्र लिहा, मी नक्की उत्तर देईन.

मेळाव्याच्या दिवसासाठी थोडं. मोकळ्या चार बारांत बोट भलत्या फ्रेटवर पडलंच, तर घाबरून हात उचलू नका. सात स्वरांच्या बाहेरचा कुठलाही स्वर लागला तरी एक फ्रेट वर आणि एक फ्रेट खाली, दोन्हीकडे स्केलमधला स्वर असतो. सरकून तिथं जा, ऐकणाऱ्याला तो ठरवून घेतल्यासारखा वाटेल. घरी हेही मुद्दाम वाजवून पाहा: चुकीच्या स्वरापासून सुरुवात करायची आणि सावरायचं. साउंड चेकच्या वेळी सोलोच्या जागेचा आवाज गाण्यापेक्षा थोडा वर राहील असं बघा, गिटारच्या व्हॉल्यूममध्ये तेवढी जागा आधीच सोडून ठेवा. तारा बदलायच्या असतील तर तीन-चार दिवस आधी बदला, आदल्या रात्री नको. नव्या तारा बसेपर्यंत उतरत राहतात, आणि इतक्या मेहनतीने जुळवलेला तो डी वरून ई चा बेंड ऐन वेळी बेसूर लागेल.